फोन आमचा, किल्ली कंपनीची

जमीन कसणाऱ्याची असावी हे साधे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात शिरायला या भागातील कुळांना पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले. १९४८ साली कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि त्या दिवसापासून कूळ हे कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. आज त्याच ठाणे जिल्ह्यात एक नवे कूळ जन्माला आले आहे. आठ-दहा हजार रुपये रोख मोजून किंवा हप्त्यांनी फेडून तो स्मार्टफोन घरी आणतो. पावती त्याच्या नावाची असते. परंतु त्या यंत्राने किती वेगाने चालावे, बॅटरी किती तास पुरवावी, त्यातील कोणती अ‍ॅप्स काढता यावीत आणि किती वर्षांनी त्याने निकामी व्हावे, हे सारे निर्णय परस्पर कंपनीच्या कचेरीत झालेले असतात. खोतालाही निदान कुळाच्या दारापर्यंत यावे लागे. या नव्या खोताला तेवढीही तसदी पडत नाही.

फोनमधील मूळ आज्ञावली, जिला जाणकार फर्मवेअर म्हणतात, ती काढून आपल्या गरजेप्रमाणे दुसरी बसवणे आणि तिच्या द्वारे फोनचा वेग व बॅटरीचे आयुष्य वाढवणे, हा अभियांत्रिकी महाविद्यालयांतील हौशी पोरांचा उद्योग आहे, अशी आपल्या पुष्कळ मित्रांची समजूत आहे. भाकरीचे, नोकरीचे, घराचे प्रश्न पडले असताना समाजवाद्यांनी या खेळण्यात का लक्ष घालावे, असा त्यांचा सवाल असतो. या मित्रांनी एकदा कर्जतची लोकल पकडून बदलापूरच्या पुढचे स्थानक गाठावे.

वांगणीचे नाव देशभर गेले ते १७ एप्रिल २०२१ रोजी. फलाटावरून रुळांत पडलेल्या एका लहान मुलाला उचलण्यासाठी पॉइंट्समन मयूर शेळके समोरून धडधडत येणाऱ्या उद्यान एक्सप्रेसच्या दिशेने धावले आणि क्षणाच्या अंतराने ते मूलही वाचले नि तेही वाचले. ते दृश्य कोट्यवधी लोकांनी पाहिले. शेळके यांचा सत्कार झाला, आणि तो उचितच होता. परंतु त्या मुलाची आई अंध होती, आणि अंध माता वांगणीच्या फलाटावर का दिसावी, हा प्रश्न टाळ्यांच्या गजरात विरून गेला. मुंबईतील भाडे न परवडणारी शेकडो दृष्टिहीन माणसे या गावात आणि आसपास राहतात. लोकलच्या डब्यातून रुमाल, कंगवे, किल्ल्यांच्या साखळ्या, मोबाइलची कव्हरे विकणे हा त्यांच्यातील कितीतरी जणांचा चरितार्थ आहे. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली तेव्हा त्यांची चूलही थांबली. एरवी गाडी चालू असली तरी रेल्वेच्या कायद्याने ते गुन्हेगारच. परवान्यावाचून डब्यात माल विकला म्हणून दंड भरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच डब्यात चढायचे.

अशा माणसाच्या हाती जेव्हा स्मार्टफोन असतो तेव्हा ती चैन नसते. पडद्यावर बोट फिरवले की तिथे काय लिहिले आहे ते वाचून दाखवणारी सोय अँड्रॉइडमध्ये आहे. तिला टॉकबॅक म्हणतात. २०१६ नंतर आलेल्या नव्या नोटांचे आकार एकमेकांच्या इतके जवळ आले की बोटांना झालेली वर्षांची ओळख निरुपयोगी ठरली. त्यावर उतारा म्हणून रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मणी' नावाचे अ‍ॅप काढले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ती किती रुपयांची हे ते बोलून सांगते. आता तर गिऱ्हाईक नोटही देत नाही, क्यूआर कोडवर पैसे पाठवतो आणि 'गेले बघा' म्हणून दादरला उतरून जातो. ते खरोखर आले की नाही हे सांगणार कोण? फोनच. म्हणजे शासनाने चलन बदलले, व्यवहाराची रीत बदलली आणि या दोन्ही बदलांचा भार दृष्टिहीन फेरीवाल्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवर टाकून दिला.

असा फोन दोन सेकंद अडखळला तर डोळस माणूस चुकचुकतो आणि वाट पाहतो. दृष्टिहीनाचे तसे नाही. बोट पुढे सरकलेले असते आणि आवाज मागच्याच बटणाचे नाव उच्चारत असतो. त्या अंतरात चुकीच्या जागी थाप पडते, कधी चुकीच्या माणसाला पैसे जातात. आणि दुपारी डोंबिवलीला बॅटरी संपली तर नोट ओळखणेही संपले, जमा रक्कम तपासणेही संपले. उरलेला दिवस सर्वस्वी गिऱ्हाइकाच्या प्रामाणिकपणावर.

आणखी एक गंमत पाहा. अनेक स्वस्त फोनांमध्ये बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चालू असलेली अ‍ॅप्स परस्पर बंद करण्याची व्यवस्था कंपनीने करून ठेवलेली असते. या झडतीत कधी कधी वाचून दाखवणारी सेवाही सापडते आणि फोन अकस्मात मुका होतो. तो पुन्हा बोलता करायला एखादा डोळस माणूस शोधावा लागतो. याउलट, फोनमध्ये सर्वांत जास्त वीज खाणाऱ्या गोष्टींत पडद्याचा उजेड येतो, आणि दृष्टिहीन माणसाला त्या उजेडाचा काडीचा उपयोग नसतो! पडदा पूर्ण काळा ठेवून फोन वापरण्याची सोय काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. ज्याला सारी वीज आवाजावर खर्च करायची आहे त्याच्या माथी उजेडाचा खर्च आणि ज्याला आवाज हवा त्याचाच आवाज बंद, असा हा कारखान्यातून ठरवून आलेला हिशेब आहे. तो बदलण्याचा अधिकार फोन वापरणाऱ्याला असावा की नसावा, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

फोन संथ का होतो, याविषयी कंपन्यांनी बराच धूर पसरवलेला आहे. लिथियमची बॅटरी काही शे वेळा भरली-रिकामी झाली की थकते, तिचा अंतर्गत विरोध वाढतो आणि प्रोसेसरने एकदम जास्त प्रवाह मागितला तर तिचा दाब कोसळतो. हे रसायनशास्त्र आहे, त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. दोष आहे तो पुढच्या पावलाला. अ‍ॅपल कंपनीने जानेवारी २०१७ च्या सुधारित आज्ञावलीतून जुन्या आयफोनांचा वेग, ग्राहकाला स्पष्ट न सांगता, कमी केला. डिसेंबर २०१७ मध्ये वेगाच्या मोजणीतून हे उघडकीला आले, तेव्हा कंपनीने क्षमा मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. नवी बॅटरी घातली की तोच फोन पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालू लागे. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कितीजणांनी हजार डॉलरचा नवा फोन घेतला असेल, याचा हिशेब कंपनीच्या खतावणीत नफ्याच्या बाजूला जमा आहे. फ्रान्सने २०२० मध्ये तिला अडीच कोटी युरो दंड केला. इटलीने त्याआधी, २०१८ मध्ये, अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड ठोठावला होता. या कंपन्यांना ही रक्कम म्हणजे लोकलमधल्या फेरीवाल्याच्या दंडाहूनही हलकी. फेरीवाल्याची निदान दिवसाची कमाई जाते.

आता या दुखण्यावर सामान्य माणसांनी शोधलेला इलाज पाहू. अँड्रॉइडचा गाभा लिनक्स आहे, आणि लिनक्सचा परवाना असा की ज्याच्या हाती ती आज्ञावली पडली त्याला तिची मूळ संहिता मागण्याचा, वाचण्याचा, बदलण्याचा अधिकार आहे. या पायावर २००९ साली सायनोजेनमॉड नावाचा प्रकल्प उभा राहिला. पुढे तो व्यापारी कंपनीच्या दावणीला बांधला गेला आणि डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडला. परंतु त्याच महिन्यात स्वयंसेवकांनी तीच संहिता उचलून लिनिएज ओएस सुरू केले, आणि ते आजही चालू आहे. कंपनीने टाकून दिलेल्या फोनांना जगभरचे लोक फावल्या वेळात, वेतनावाचून, नवे आयुष्य देतात. मनुष्य नफ्याच्या आशेवाचून काही निर्माणच करीत नाही, असे सांगणाऱ्या अर्थपंडितांनी या एका उदाहरणाचे उत्तर द्यावे.

हे लोक करतात तरी काय? कंपनीने भरलेला कचरा काढून टाकतात. काढता न येणारी अ‍ॅप्स, कुलूपपडद्यावर चमकणाऱ्या जाहिराती, दर थोड्या वेळाने झोपलेल्या फोनला उठवून कुठल्यातरी सर्व्हरकडे चुगली करणाऱ्या सेवा. खिशात पडलेल्या फोनची बॅटरी अशा जागरणानेच पुष्कळशी संपते. मग प्रोसेसरच्या वेगाचे नियमन करणाऱ्या भागाकडे, ज्याला गव्हर्नर म्हणतात त्याकडे, वळतात. प्रोसेसरला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि दाबाच्या तर वर्गाच्या प्रमाणात वाढते. जास्त वेगाला जास्त दाब लागतो, म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. लोकलचा कसलेला मोटरमन गाडीने वेग घेतला की वीज तोडतो आणि पुढचे अंतर ती घरंगळत जाऊ देतो. नवशिका शेवटपर्यंत वीज ओढतो आणि मग ब्रेक दाबतो. दोघेही वांगणीला जवळजवळ एकाच वेळी पोचतात. गव्हर्नर नीट जुळवणे म्हणजे फोनला पहिल्या मोटरमनची अक्कल देणे.

याचा अर्थ हे काम जादूचे आहे असे मुळीच नाही. फोन तिप्पट धावतो, बॅटरी चार दिवस टिकते, या बढाया आहेत. थकलेली बॅटरी कोणत्याही आज्ञावलीने तरुण होत नाही. ती बदलावीच लागते. 'मेमरी साफ' करणारी जी अ‍ॅप्स लोक मोठ्या श्रद्धेने बसवतात ती बहुधा उलटाच परिणाम करतात, कारण बंद केलेले अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायला अधिक वीज जाते. (आपल्याकडे अंगारेधुपारे फक्त देवळाबाहेरच विकले जातात असे नव्हे.) नवे फर्मवेअर चढवताना चूक झाली तर फोनची वीट होते, आणि कित्येक फोनांत कॅमेऱ्याची प्रत घसरते, कारण त्याची संहिता कंपनीने दडवून ठेवलेली असते. हे सारे धोके आहेत. पण धोका पत्करायचा की नाही हे मालकाने ठरवायचे असते.

ते त्याला ठरवू दिले जात नाही. फोन सुरू होताना सर्वांत आधी जी आज्ञावली जागी होते, ती बूटलोडर, तिला कुलूप असते आणि किल्ली कंपनीकडे. हुवावेने २०१८ मध्ये ही किल्ली देणेच थांबवले. इतर काही कंपन्या अर्ज करायला लावतात, दिवस मोजायला लावतात, मग हमी रद्द झाल्याचे सुनावतात. इथे कायद्याची एक क्रूर थट्टा आहे. लिनक्सच्या परवान्यानुसार संहिता तुम्हाला मिळते, तुम्ही ती वाचू शकता, सुधारू शकता. परंतु सुधारलेली संहिता तुमच्याच फोनवर चालवू शकत नाही. २००७ साली या परवान्याची तिसरी आवृत्ती आली ती हीच पळवाट बुजवण्यासाठी. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला आणि पळवाट उघडीच राहिली.

एवढे करून कोणी कुलूप उघडलेच, तर पुढचा पहारेकरी उभा असतो. पैसे देण्याघेण्याची अनेक अ‍ॅप्स गूगलच्या तपासणीयंत्रणेला विचारतात की हा फोन 'विश्वासू' आहे काय, आणि कुलूप उघडलेला दिसला की चालण्यास नकार देतात. लोकलमध्ये क्यूआर कोडवर पोट असलेल्या माणसाला याचा अर्थ एवढाच: फोन सुधारलास तर धंदा बंद. यावर सुरक्षेचे कारण सांगितले जाते, आणि ते गांभीर्याने घेतलेच पाहिजे, कारण गरिबाच्या खात्यातील दोन हजार रुपये गेले तर ते त्याचे सर्वस्व असते. परंतु वस्तुस्थिती अशी की वर्षानुवर्षे सुरक्षेची एकही दुरुस्ती न मिळालेला, पण कुलूपबंद असलेला फोन या परीक्षेत बहुधा उत्तीर्ण होतो, आणि ताज्या दुरुस्त्यांसह चालणारा स्वयंसेवकांचा फोन अनुत्तीर्ण होतो. चोराने भोके पाडलेली भिंत चालेल, पण कडी मालकाने स्वतः बसवलेली नको, ही कोणत्या जातीची सुरक्षा?

दुरुस्त्या मिळण्यातही वर्गभेद आहे. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या सर्वांत महाग फोनांना सात वर्षे सुधारणा देण्याचे जाहीर केले. स्वस्त फोनांच्या वाट्याला त्याहून कितीतरी कमी वर्षे येतात. जो दरवर्षी नवा फोन घेऊ शकतो त्याच्या फोनला दीर्घायुष्याचे आश्वासन, आणि ज्याला एकच फोन पुरवून पुरवून वापरायचा आहे त्याचा फोन अल्पायुषी! जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा निर्माण झाला आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याचेही रीतसर पुनर्चक्रीकरण झाले नाही, ते उगाच नव्हे.

परदेशी कंपनीच्या यंत्राला हात लावणे आपल्याला कसे जमणार, असे विचारणाऱ्यांना इतिहासाचा विसर पडला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत आयबीएम कंपनी परदेशात वापरून झालेली संगणकयंत्रे नव्याने रंगवून भारतात भाड्याने देत असे. विकत नव्हे, भाड्याने; म्हणजे मालकीही तिची, दुरुस्तीही तिची. १९७३ च्या परकीय चलन कायद्याखाली भांडवलातील हिस्सा कमी करण्यास तिने नकार दिला. जनता पक्षाचे सरकार आणि उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी माघार घेतली नाही, आणि १९७८ मध्ये कंपनी देश सोडून गेली. आता देशातले संगणक बंद पडणार, अशी त्या वेळी केवढी ओरड झाली होती! ती यंत्रे सांभाळली १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी उपक्रमाने. भारतीय अभियंत्यांनी ती उघडली, समजून घेतली आणि चालवून दाखवली. तोच उपक्रम २००१ मध्ये टाटांना विकून टाकण्यात आला, ही गोष्ट वेगळी; ती आजच्या राज्यकर्त्यांच्या आणि कालच्याही मनोवृत्तीबद्दल पुरेसे सांगून जाते.

शासन अगदीच झोपले आहे असे म्हणता येणार नाही. ते कूस बदलत असते. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला. अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्त्या काढू नयेत म्हणून फोन कंपन्यांना करारांनी जखडून ठेवणे, हा त्यातील एक आरोप होता. अपील न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये ही रक्कम कायम ठेवली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ उघडले. समित्या झाल्या, कार्यशाळा झाल्या. कायदा झाला नाही. युरोपने मात्र २० जून २०२५ पासून असे बंधन घातले आहे की कोणत्याही फोनच्या प्रतिरूपाची विक्री संपल्यानंतर निदान पाच वर्षे त्याच्या आज्ञावलीच्या सुधारणा मिळाल्या पाहिजेत आणि बॅटरी ८०० वेळा भरल्यानंतरही तिची आठ-दशांश क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. म्हणजे हे तंत्रज्ञानाला अशक्य नाही. तीच कंपनी पॅरिसच्या ग्राहकासाठी हे करील, आणि वांगणीच्या ग्राहकासाठी करणार नाही, कारण इथे तिला कोणी भाग पाडलेले नाही.

आपल्यातील काही तरुण साथी म्हणतील की ज्याला हवे त्याने आपापला फोन उघडावा, कायद्याची वाट कशाला पाहायची? त्यांच्या धडपडीबद्दल आदर बाळगूनही सांगावे लागेल की ही वाट ज्याच्याकडे संगणक आहे, इंग्रजी आहे आणि बिघडला तर दुसरा फोन घ्यायची ऐपत आहे त्याची आहे. फर्मवेअर चढवताना फोन ज्या अवस्थेत न्यावा लागतो तिथे टॉकबॅक बोलत नाही; सूचना पडद्यावर मुक्याने उमटतात. दृष्टिहीन माणसाला ते काम एकट्याने करणे जवळजवळ अशक्यच. त्याची मुक्ती एकेकट्याच्या चातुर्याने होणार नाही. तिला उल्हासनगर-कल्याणच्या गाळ्यांत बसणारा, सुटे भाग आणि संहिता हक्काने मागू शकणारा कारागीर लागेल, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तसे शिक्षण लागेल आणि या सर्वांच्या पाठीशी कायदा लागेल.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात असा निर्णय दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हा निर्णय हाती घेऊन अंध संघटनांनी, फेरीवाल्यांच्या संघटनांनी आणि आपल्या पक्षाने एकत्र येऊन मागणी केली पाहिजे की कंपनीने सुधारणा देणे थांबवले त्या दिवशी तिने त्या फोनची किल्ली, विनामूल्य आणि विनाअर्ज, मालकाच्या हवाली करावी. आणि मालकाने ती वापरली या कारणावरून कोणत्याही बँकेच्या किंवा देयकांच्या अ‍ॅपला त्याची सेवा नाकारता येऊ नये. वाचून दाखवणारी सेवा बॅटरीच्या नावाखाली बंद पाडणारा फोन तर या देशात विकायलाच मनाई हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली तसे मानक ठरवायला संसदेची परवानगीही लागणार नाही, मंत्रालयातील एका सहीचे काम आहे.